रुमी मस्तकीच्या बेटावर

आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. त्याच कुळातलं आणखी एक झाड एजियन समुद्रातल्या खिओस या ग्रीक बेटावर वाढतं. उंची जेमतेम दोन-तीन मीटर, खोड पिळवटलेलं, पानं बारीक आणि बाराही महिने हिरवी. फळासाठी ते कोणी लावत नाही, लाकडासाठीही नाही. उन्हाळ्यात त्याच्या सालीवर धारदार हत्यारानं बारीक चरे पाडले की त्यातून नितळ चीक ठिबकतो, जमिनीवर पडतो आणि तिथेच सुकतो. मुंबई-पुण्याच्या काष्ठौषधींच्या दुकानांत ‘रुमी मस्तकी’ म्हणून पुडीत बांधून मिळणारे फिकट पिवळे खडे ते हेच. युनानी हकीम पोटाच्या तक्रारींवर ही मस्तकी पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. ती येते कुठून, हा प्रश्न मात्र पुडी घेणाऱ्याला सहसा पडत नाही.

ग्रीसला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी सांतोरिनी आणि मिकोनोस पाहून परततात. खिओस त्या वाटेवर नाही. ते ग्रीसच्या पूर्व कडेला, तुर्कस्तानच्या अगदी समोर आहे. दोन्ही किनाऱ्यांमधलं पाणी सर्वांत अरुंद जागी सात किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी खिओसच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे चेश्मेच्या बाजूचे दिवे लागताना दिसतात. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्री बोटीत बसलं तर उजाडता उजाडता माणूस इथे पोचतो. विमानानं तासाभराचंही अंतर नाही. विमानतळाला होमरचं नाव दिलेलं आहे, कारण होमरची जन्मभूमी म्हणून हक्क सांगणाऱ्या गावांत खिओसचा दावा फार जुना आहे.

बेटाचं क्षेत्रफळ ८४२ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहूनही जास्त. आणि वस्ती? पन्नास हजारांच्या घरात. उत्तरेला उघडे, करडे डोंगर. दक्षिणेला उतरत्या टेकड्या आणि त्यावर मस्तकीच्या बागा. इथे पर्यटक येतात, पण बेट त्यांच्या जिवावर चालत नाही. जहाजांवरची नोकरी, मस्तकी, संत्री-मँडरिन यांच्यावर इथली घरं उभी राहिली. त्यामुळे गावात शिरणाऱ्या पाहुण्याकडे गिऱ्हाईक म्हणून कोणी पाहत नाही, आणि या बेटाचा मला सर्वांत आवडलेला गुण हाच. समुद्रकिनारे, जुनी गावं, इतिहासातल्या जखमा, जेवणाचं ताट अशी कुठलीही वाट धरली तरी ती फिरून त्या बुटक्या झाडापाशी येते. म्हणून खिओस पाहायचं तर तिथूनच सुरुवात करावी.

मस्तकीचं झाड भूमध्य समुद्राभोवती पुष्कळ ठिकाणी उगवतं, पण असा भरपूर चीक देणारं झाड खिओसच्या दक्षिण भागातच आहे. बेटाच्या उत्तरेलाही ते साधत नाही. समोर चेश्मेच्या बाजूला तुर्कांनी लागवडीचे प्रयत्न केले आहेत. हे झाड इथेच का साधतं याची माती, कोरडा उन्हाळा आणि शेतकऱ्यांनी शतकानुशतकं निवडून लावलेली कलमं ही तीन कारणं सांगितली जातात. झाड बियांपासून करत नाहीत, फांदी लावून करतात. पाच-सहा वर्षांनी ते थोडंफार देऊ लागतं, पूर्ण भरात यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. आणि एवढं करून एका झाडापासून वर्षाला मिळणारी मस्तकी किती, तर सरासरी १५० ते १८० ग्रॅम.

हे आकडे कळले की पुढचं सगळं वेगळ्या नजरेनं दिसतं. जुलैत झाडाखालची जमीन गोलाकार झाडून, सपाट करून घेतात आणि तिच्यावर पांढऱ्या चुनखडीची बारीक भुकटी पसरतात. लांबून पाहावं तर तांबूस-करड्या रानात हिरव्या झाडांखाली पांढरी वर्तुळंच वर्तुळं. भुकटीमुळे चिकाला माती लागत नाही आणि तो लवकर सुकतो. मग खोडावर आणि जाड फांद्यांवर चरे पाडायचं काम सुरू होतं. इथली माणसं त्याला ‘केंदिमा’, म्हणजे भरतकाम, म्हणतात. घाव खोल गेला तर झाड दुखावतं, उथळ राहिला तर चीक येत नाही. तोल हातातच असावा लागतो. थेंब दोनेक आठवडे सुकू देतात आणि मग पहाटे, ऊन चढायच्या आत, टोकदार हत्यारानं एकेक खडा सोडवून घेतात. ऊन झालं की मस्तकी मऊ पडते आणि बोटांना चिकटते. या दिवसांत पाऊस आला तर भुकटी आणि चीक दोन्हींचा चिखल होतो, वर्षाचं पीक वाया जातं.

खरा घाम त्यानंतरचा. हिवाळाभर घराघरांत मस्तकी चाळायची, थंड पाण्यात धुवायची, सुकवायची आणि मग प्रत्येक खड्याला चिकटलेला सालीचा कण, मातीचा ठिपका बारीक सुरीच्या टोकानं काढायचा. हे काम मुख्यतः बायका करतात, शेजारणी-शेजारणी एका टेबलाभोवती बसून, आपल्याकडे लग्नघरी तांदूळ निवडायला बसतात तशा. मेस्ता गावातल्या एका आजींनी हातातली सुरी न थांबवता मला एक खडा दिला आणि दातांनी फोडून चघळायची खूण केली. आधी तो वाळूसारखा भुगा होतो, कडवट लागतो. मिनिटभरात त्याचा एकजीव पांढरा गोळा होतो आणि तोंडभर देवदारासारखा गार, स्वच्छ सुवास पसरतो. साखर नाही, रंग नाही. ग्रीक लोक निदान अडीच हजार वर्षं हा खडा असाच चघळत आले आहेत.

युनेस्कोनं २०१४ मध्ये या लागवडीच्या कसबाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी १९९७ मध्ये युरोपीय संघानं मस्तकीला उगमस्थानाचं संरक्षण दिलं होतं. २०१५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेनं सौम्य अपचन आणि त्वचेच्या किरकोळ दाहावरचं पारंपरिक वनौषध म्हणून तिची नोंद केली. हकिमांच्या पुडीला मिळालेला हा उशिराचा दुजोरा म्हणायचा. पण इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं सर्वांत मोठं साल १९३८. त्या वर्षी मस्तकी उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. व्यापाऱ्यांच्या भावावर जगणारा शेतकरी तेव्हापासून एकत्रितपणे माल विकू लागला, आणि आजही मस्तकीचा सगळा व्यवहार या संघामार्फतच चालतो. सहकारी साखर कारखाने आणि दूधसंघ पाहत मोठ्या झालेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मस्तकी पिकवणारी चोवीस गावं एका पिकावर टिकून राहिली त्याचं मोठं श्रेय या संघाला आहे.

पिर्गी गावाजवळ, मस्तकीच्या बागांच्या मधोमध २०१६ साली उघडलेलं मस्तकी संग्रहालय आहे. काचेच्या भिंतींतून समोरची रानं दिसतात आणि बाहेर पडलं की पायवाट थेट झाडांत जाते. जुनी हत्यारं, संघाच्या पहिल्या कारखान्यातली यंत्रं, चरे पाडतानाच्या चित्रफिती हे सगळं तिथे आहे. गावं पाहण्याआधी इथे दोन तास द्यावेत.

या गावांना ‘मस्तिहोहोरिया’, मस्तकीची गावं, असं नाव आहे. त्यांची बांधणी जिनोआच्या व्यापाऱ्यांनी घडवली. १३४६ ते १५६६ अशी दोनशे वीस वर्षं खिओस एका जिनोवी व्यापारी मंडळीच्या ताब्यात होतं. ‘माओना’ नावाची ही कंपनी; तिचे भागीदार पुढे जुस्तिनियानी हेच आडनाव लावू लागले. राजानं नव्हे तर कंपनीनं चालवलेला प्रदेश, तोही इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अडीचशे वर्षं आधी. मस्तकीची निर्यात हा त्यांचा मक्ता. चाच्यांपासून पीक वाचावं आणि शेतकऱ्यानं ते चोरून विकू नये, या दोन्हींसाठी त्यांनी गावं किल्ल्यासारखी बांधली. मस्तकी चोरणाऱ्याचे कान-नाक कापण्यापासून फाशीपर्यंतच्या शिक्षा होत्या, असं इथे सांगतात. देखण्या गल्ल्यांतून फिरताना ही दहशत विसरू नये.

मेस्ता पाहिलं की त्या काळाची कल्पना येते. गावाला वेगळा तट नाही. सर्वांत बाहेरच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडून तट झालेला आहे. बाहेरच्या बाजूला पूर्वी ना दार होतं ना खिडकी. आत जायला मोजके दरवाजे. आत गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर अंग चोरावं लागतं, आणि त्यांच्यावर दगडी कमानी घातलेल्या. या कमानींनी भूकंपात घरांना आधार दिला, उन्हात सावली दिली. गावात शत्रू शिरलाच तर माणसं सपाट गच्च्यांवर चढून एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जात मधल्या बुरुजापर्यंत पोचत. मेस्तातला तो बुरूज आता नाही. त्या जागी १८६८ मध्ये बांधलेलं देवदूतांचं मोठं चर्च आहे. त्याच्यासमोरच्या चौकात दुपारी खुर्ची मिळाली तर सोडू नये. दगडांतून गारवा येतो, कुठे तरी लसूण परतल्याचा वास असतो आणि मांजरं पायांत घोटाळतात.

पिर्गीचा थाट निराळा. इथल्या घरांच्या दर्शनी भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या-पांढऱ्या भौमितिक नक्षीनं भरलेल्या. आधी गडद वाळू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असतानाच काट्यासारख्या हत्यारानं खरवडून काढलेले त्रिकोण, चौकोन, वर्तुळं. या कामाला ‘क्सिस्ता’ म्हणतात. कामगाराला घाई करावी लागते, कारण गिलावा एकदा सुकला की रेघ उमटत नाही. उन्हाळा संपताना बाल्कन्यांतून लहान टोमॅटोंचे लालभडक घोस दोऱ्यात ओवून टांगलेले असतात. ते हिवाळ्यात रश्श्याला पुरतात. ओलिम्पी गाव याच मालिकेतलं, शांत आणि कमी गजबजलेलं. आर्मोलिया कुंभारकामासाठी प्रसिद्ध.

आता समुद्र. पिर्गीहून रस्ता दक्षिणेला एम्बोरिओस या चिमुकल्या बंदराकडे उतरतो आणि तिथून चार पावलांवर मावरा व्होलिया हा किनारा आहे. वाळूचा कण नाही. अक्रोडापासून मुठीएवढे गुळगुळीत काळे दगड, मागे लालसर-काळा कडा. फार पूर्वीच्या, आता विझलेल्या ज्वालामुखीनं हा किनारा दिला. लाट मागे सरते तेव्हा लाखो दगड एकमेकांवर घासले जाऊन खळखळ असा लांबलचक आवाज होतो. तो ऐकायलाच तिथे बसून राहावं. तळ काळा असल्यामुळे पाणी गडद दिसतं, पण ओंजळीत घेतलं तर काचेसारखं. पाच-सहा पावलांतच ते खोल होतं, तेव्हा पोहता येत नसेल तर काठानंच राहावं. पायांत रबरी चपला हव्यातच, कारण भर दुपारी हे दगड तापतात. आणि एकही दगड खिशात घालू नये. तशी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

याच एम्बोरिओसच्या टेकडीवर १९५० च्या दशकात सिंक्लेअर हूड आणि जॉन बोर्डमन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. बंदरालगत कांस्ययुगाच्याही आधीपासूनची वस्ती सापडली आणि वर टेकडीवर अथेना देवीचं मंदिर, तटबंदी आणि ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातली घरं. चढण उन्हाची आहे, अवशेष गुडघ्याएवढ्या भिंतींचे. तरी वर जावं. खालचं बंदर, काळा किनारा आणि मागची मस्तकीची रानं एका नजरेत येतात आणि माणसांनी ही जागा का निवडली ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

वाळूच हवी असेल तर खिओस शहराच्या दक्षिणेचा कार्फास किंवा कोमी. तिथलं पाणी उथळ, मुलांना घेऊन जायला सोयीचं. छत्र्या, खुर्च्या, खाणं सगळं हाताशी. व्रुलीदिया दक्षिण टोकाला आहे. फिकट कड्याच्या पायथ्याशी हिरवट-निळं पाणी आणि उतरायला पायऱ्या. पश्चिमेचा लिथी मासे खाण्यासाठी. पण माझं मत विचाराल तर मावरा व्होलियानंतर कातो फानाला जावं. तिथे एकेकाळी अपोलोचं मोठं देऊळ होतं. आता काही पायाचे दगड उरलेत, शेजारी लांब, जवळजवळ रिकामा किनारा. देवळाच्या दगडांपासून पाण्यापर्यंत चालत जाता येतं, आणि मध्ये तिकीटखिडकी नाही.

खिओसचा इतिहास सांगताना १८२२ हे साल टाळता येत नाही. त्याआधीच्या वर्षी ग्रीसमध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. खिओसचे लोक सुखवस्तू व्यापारी, त्यांना बंड नको होतं. पण मार्च १८२२ मध्ये शेजारच्या सामोस बेटावरून बंडखोर येऊन उतरले आणि उत्तरादाखल सुलतानाचं आरमार आलं. पुढच्या आठवड्यांत बेटावर जी कत्तल झाली तिच्यात हजारो माणसं मारली गेली, हजारो बायका-मुलं गुलामांच्या बाजारात विकली गेली, वाचलेले मिळेल त्या होडीनं पळाले. मस्तकीची गावं सुरुवातीला वाचली, कारण इस्तंबूलच्या राजवाड्याला मस्तकी हवी होती. दोन वर्षांनी देलाक्रवा या फ्रेंच चित्रकारानं या कत्तलीवर चार मीटरहून उंच चित्र काढलं. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. युरोपचं लोकमत ग्रीकांच्या बाजूनं वळवण्यात या घटनेचा मोठा वाटा होता.

बेटाच्या मध्यभागी, डोंगरात असलेला नेआ मोनी हा मठ त्या कत्तलीची आठवण जपून आहे. खरं तर त्याची कीर्ती त्याहून आठशे वर्षं जुनी. तीन तपस्व्यांनी लेस्बोस बेटावर हद्दपारीत असलेल्या कॉन्स्टन्टाइन मोनोमाखोसला तू बायझंटाइन सम्राट होशील असं सांगितलं, अशी कथा आहे. १०४२ मध्ये तो खरोखर गादीवर बसला आणि त्यानं हा मठ उभारायला घेतला. राजधानीतून कारागीर आले. सोनेरी काचतुकड्यांच्या पार्श्वभूमीवर त्यांनी घडवलेली चित्रं बायझंटाइन कलेतल्या श्रेष्ठ कामांत गणली जातात. १९९० पासून मठ युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पाताळात उतरून आदमाला मनगट धरून वर खेचणारा ख्रिस्त पाहताना त्या खेचण्यातला जोर जाणवतो. चेहऱ्यांवर हिरव्या, लाल रेघांनी दाखवलेल्या सावल्या दुसरीकडे क्वचितच दिसतील. १८८१ च्या भूकंपात घुमट कोसळला, काही चित्रं कायमची गेली. प्रवेशद्वाराजवळच्या लहानशा प्रार्थनाघरात काचेच्या कपाटात १८२२ मध्ये मारल्या गेलेल्यांच्या कवट्या ठेवल्या आहेत. त्यांत लहान मुलांच्याही आहेत. तिथे कोणी फोटो काढू नये असं मला मनापासून वाटतं.

मठापासून थोडं पुढे अनावातोस. उभ्या कड्याच्या टोकावर करड्या दगडी घरांचं गाव, छपरं पडलेली, दारांतून आकाश दिसणारं. १८२२ मध्ये इथल्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या असं सांगतात. उरलंसुरलं भूकंपानं नेलं.

जे पळून वाचले त्यांच्यातून जगभर पसरलेला एक व्यापारी समाज तयार झाला. लंडन, मार्सेय, त्रिएस्त, ओदेसा अशा बंदरांत खिओसच्या कुटुंबांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्यांतलं एक घराणं राल्ली. या भावांच्या ‘रॅली ब्रदर्स’ पेढीनं एकोणिसाव्या शतकात कलकत्ता आणि मुंबईत ताग, कापूस, धान्याचा प्रचंड व्यापार केला. तीच परंपरा सांगणारी रॅलीज इंडिया ही कंपनी आज टाटा समूहात आहे, तिचं मुख्यालय मुंबईत आहे, आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचं तिचं नाव विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचं आहे. एजियन समुद्रातल्या एका बेटावरचं आडनाव यवतमाळच्या कृषी केंद्रात पोचलं, तो रस्ता असा लांबचा आहे.

या व्यापाऱ्यांची मूळची घरं पाहायची तर काम्पोसला जावं. खिओस शहराच्या दक्षिणेला हा सपाट, सुपीक पट्टा आहे. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना तांबूस दगडाच्या पुरुष-दोन पुरुष उंचीच्या भिंती. उभारल्या त्या वारा आणि धूळ अडवण्यासाठी. आतलं काहीच दिसत नाही, पण वसंतात भिंतींवरून संत्र्याच्या फुलांचा वास रस्त्यावर सांडत असतो. एखादं फाटक उघडं असलं तर आत काळ्या-पांढऱ्या गोट्यांची फरसबंदी, संगमरवरी हौद, मांडवावर द्राक्षाचा वेल आणि विहिरीवर लाकडी रहाट. जनावर गोल फिरायचं, पोहरे पाणी वर आणून हौदात ओतायचे, हौदातून पाटानं ते बागेत जायचं. कोकणातल्या जुन्या वाडीत वाढलेल्या माणसाला इथे काहीच परकं वाटणार नाही. काही जुन्या हवेल्यांत आता पाहुण्यांची राहायची सोय आहे. एका बागेत संत्र्या-लिंबांचं संग्रहालयही आहे. खिओसच्या मँडरिनला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि सोलताना येणाऱ्या वासावरूनच ते का मिळालं हे पटतं.

फळं टिकवायची इथली रीत म्हणजे पाकातला मुरांबा. लहान कच्ची संत्री, लिंबाची फुलं, गुलाबपाकळ्या, सालीच्या गुंडाळ्या, सगळं साखरेच्या पाकात. पाहुणा आला की बशीत चमचाभर मुरांबा आणि सोबत गार पाण्याचा पेला. मस्तकीचंही असंच एक रूप मुलांच्या आवडीचं: मस्तकी घोटलेल्या पांढऱ्या, चिकट साखरेचा मोठा गोळा चमच्याला लावून गार पाण्याच्या पेल्यात बुडवून देतात. गोळा चाटायचा, मधून मधून ते सुवासिक पाणी प्यायचं. पाणबुडी असं त्याचं नाव.

मस्तकी इथे ईस्टरच्या गोड पावात असते, आइस्क्रीमला तार येते ती तिच्यामुळे, आणि जेवणानंतर थंडगार पेल्यात मस्तकीचं गोड मद्य येतं. पण खिओसचं जेवण तेवढ्यावर संपत नाही. गवताच्या काडीभोवती वळून हातानं केलेली मॅकरोनी आणि तिच्यावर वाळवलेल्या टोमॅटोचा रस्सा. तव्यावर भाजूनही न वितळणारं गायीच्या दुधाचं चीज. डोंगरी गावांतलं अंजिरांपासून गाळलेलं मद्य ‘सूमा’. ते मात्र कडक असतं, बेतानं घ्यावं. शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत. वाटाणे, चवळी, वांगी, रानभाज्या, ऑलिव्हच्या तेलात शिजवलेली भेंडीसुद्धा ताटात येते.

खिओस शहर पहिल्या नजरेत मनात भरत नाही. बंदराच्या कडेनं सिमेंटच्या इमारती आहेत. जरा आत गेलं की किल्ल्यातली वस्ती, तुर्की हमाम, आप्लोतारिया ही बाजारगल्ली आणि १७९२ पासूनचं कोराईस ग्रंथालय आहे. उत्तरेच्या बाजूला जुन्या चामड्याच्या कारखान्यांजवळ पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या चार पवनचक्क्या आहेत. त्याच दिशेला व्रोंतादोस या गावात एका खडकाला होमरची शिळा म्हणतात. तो बहुधा सिबेली देवीच्या पूजेचा कट्टा असावा असं अभ्यासक मानतात. व्रोंतादोसचीच दोन चर्चं ईस्टरच्या रात्री एकमेकांवर घरगुती अग्निबाणांचा मारा करण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

या बेटापुढे आज जी काळजी उभी आहे तिच्याबद्दल गावात कोणीही न विचारता बोलतं. ऑगस्ट २०१२ मध्ये लागलेल्या वणव्यात मस्तकीची पुष्कळ झाडं जळाली. २०२५ च्या उन्हाळ्यातही बेटावर मोठे वणवे पेटले. जळालेल्या झाडाच्या जागी नवं लावलं तरी पुरतं पीक हाती यायला बारा-पंधरा वर्षं. तोवर तरुण मुलगा जहाजावर नाही तर अथेन्सला गेलेला असतो. तरीही काही जण परत येत आहेत. मस्तकीला औषधांत, सौंदर्यप्रसाधनांत, खाद्यपदार्थांत चांगला भाव मिळू लागला तसं हे घडलं. त्यांच्या बागांतून पाहुण्यांना नेऊन चरे पाडणं, मस्तकी गोळा करणं दाखवणाऱ्या सहलीही सुरू झाल्या आहेत. शेतकऱ्यासोबत पहाटे रानात घालवलेले दोन तास कुठल्याही मार्गदर्शकाच्या भाषणापेक्षा जास्त शिकवतात.

जायचं असेल तर ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर हे दिवस निवडा. समुद्र तापलेला असतो, गर्दी ओसरलेली असते आणि मस्तकी गोळा करण्याचं काम जोरात चालू असतं. रानफुलं पाहायची असतील तर मार्च-एप्रिल. तेव्हा शेतांत लाल रानट्युलिप फुलतात. बस आहेत, पण थोड्या. गाडी भाड्यानं घेतली तरच पश्चिमेचे किनारे आणि डोंगरातली गावं नीट होतात. मुक्काम एक-दोन रात्री तरी मेस्तात किंवा काम्पोसला करा. मस्तकी घ्याल ती संघाच्या दुकानातून घ्या, आणि किंमत ऐकून घासाघीस करू नका. मूठभर खड्यांमागे एका झाडाचं अख्खं वर्ष आणि एका घराचा सगळा हिवाळा गेलेला असतो.